आज सायंकाळी पाच वाजता, मुख्य सभागृहात

१८४९ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांची एक सभा भरली होती. बेहरामजी खरशेदजी गांधी या पारशी तरुणाने तिथे स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. आधी निबंध, मग चर्चा, मग आभार असा त्या सभांचा रिवाज. त्या वेळी मात्र गोष्ट आभारांवर संपली नाही. मुलींनी शिकावे हे पटले, मग त्यांना शिकवणार कोण, असा प्रश्न उभा राहिला आणि ऐकायला बसलेल्यांतलेच काही जण आम्ही शिकवतो म्हणून पुढे आले. पगार नव्हता, इमारत नव्हती. दिवसाच्या कामाला लागण्याआधी, सकाळच्या वेळात हे तरुण मुलींचे वर्ग घेऊ लागले. पहिल्या पटावर ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली होत्या.

ही सभा ज्या संस्थेची, ती स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक पॅटन यांच्या पुढाकाराने ती १८४८मध्ये निघाली. दादाभाई नवरोजी तेव्हा तिथेच सहायक शिक्षक होते आणि या वर्गांसाठी घरोघर फिरणाऱ्यांत ते होते. काही घरांत त्यांना बसायला जागा मिळाली, काही घरांतून शिव्या मिळाल्या, जिन्यावरून ढकलून देण्याच्या धमक्याही मिळाल्या. वृद्धपणी आठवणी सांगताना दादाभाई या दिवसांबद्दल फार जिव्हाळ्याने बोलत. जगन्नाथ शंकरशेट यांनी हिंदू मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली, तेव्हा कुठे गिरगावातल्या काही घरांचा विरोध नरमला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आदल्याच वर्षी, १८४८मध्ये, मुलींची शाळा काढली होती. दोन शहरांत, दोन वेगळ्या वाटांनी, तेच काम सुरू झाले. मुंबईतली वाट कॉलेजच्या सभागृहातून निघाली, म्हणून ती या लेखाच्या विषयात येते.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. सुवर्णमहोत्सवी आणि शतकमहोत्सवी ग्रंथांत संस्थापकांची चरित्रे असतात, प्राचार्यांची छायाचित्रे असतात, देणग्यांच्या याद्या आणि परीक्षांचे निकाल असतात. सूचनाफलकाला त्यांत जागा नसते. वाङ्मय मंडळाचे उद्घाटन, वादविवाद स्पर्धेची नावनोंदणी, नाटकाच्या निवडीसाठी दुपारी तीनला खोली क्रमांक बारामध्ये जमावे, श्रमदानाला जाणाऱ्यांनी सकाळी सहाला फाटकाशी यावे, या सूचना आठवडाभर टिकतात आणि त्यांवर पुढच्या सूचनेचा कागद डकवला जातो. पण या प्रदेशाच्या नाटकाचा, चळवळींचा आणि नियतकालिकांचा माग काढत मागे गेले, तर वाट वारंवार याच फलकापाशी येऊन थांबते. ‘अभ्यासेतर’ या शब्दाने आपण या सगळ्याला अभ्यासाच्या कुंपणाबाहेर बसवले आहे. तो शब्द इथे अन्यायकारक आहे.

एल्फिन्स्टनच्या त्या सोसायटीचेच पाहा. तिची मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. ‘मराठी भाषेचे पाणिनी’ म्हणून ओळखले जाणारे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. गुजराती भाषकांची शाखा वेगळी. इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांनी आपापल्या भाषेत निबंध लिहायचे, ते सभेत वाचायचे, त्यावर इतरांनी प्रश्न विचारायचे. हे निबंध सभेतच विरून जाऊ नयेत म्हणून १८५०मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले. रसायनापासून इतिहासापर्यंत नाना विषयांवर मराठीत कसे लिहावे, याचा सराव त्या पानांवर झाला. शास्त्रीय विषयाला मराठी गद्य पेलते की नाही याची शंका तेव्हाच्या जाणत्यांनाही होती. विद्यार्थ्यांच्या बैठकांनी त्या शंकेला कामातून उत्तर दिले. आज मराठीत विज्ञान लिहिणाऱ्या प्रत्येकाचे मूळ त्या निबंधवाचनात आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पुण्यात फर्ग्युसन कॉलेज २ जानेवारी १८८५ रोजी शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात सुरू झाले. वामन शिवराम आपटे पहिले प्राचार्य. पुढे आगरकर प्राचार्य झाले, गोखले तिथे शिकवत. शहराबाहेरच्या टेकडीच्या पायथ्याशी कॉलेज गेले, वसतिगृहे उभी राहिली आणि मग कॉलेजला एक गाव म्हणून स्वतःचे जगणे लाभले. मुले दिवसा वर्गात आणि रात्री खोल्यांत एकत्र राहू लागली, की बातम्या आपोआप तयार होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या वसतिगृहात विनायक दामोदर सावरकर राहत होते. त्यांच्या मंडळींचे ‘आर्यन वीकली’ नावाचे हस्तलिखित साप्ताहिक खोल्याखोल्यांतून फिरत असे. छापखाना नाही, वर्गणी नाही. हाताने उतरवलेली पाने एकाने वाचून दुसऱ्याकडे द्यायची.

ऑक्टोबर १९०५मध्ये, बंगालच्या फाळणीविरुद्ध स्वदेशीची चळवळ पेटलेली असताना, या मुलांनी पुण्यात परदेशी कपड्यांची होळी केली. मिरवणूक निघाली, शहराबाहेरच्या मैदानात कपड्यांचा ढीग पेटवला गेला. टिळक आणि ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे तिथे होते. कार्यक्रम कॉलेजच्या आवारात झाला नव्हता, पण त्याची शिक्षा आवारात झाली. प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. ‘केसरी’ने यावर ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ अशा मथळ्याचा लेख लिहिला. परांजपे केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर, उदारमतवादी, शिस्तीचे कडक. कॉलेजला सरकारी मान्यता आणि अनुदानाची चिंता असते, हेही खरे. विद्यार्थ्याने फलकावर काय लावावे आणि आवाराबाहेर काय करावे यावर संस्थेचा ताबा किती, हा वाद त्या दिवशी पुण्यात उघड्यावर आला आणि त्यानंतर दर पिढीने तो नव्याने घातला आहे. सावरकरांची ती खोली कॉलेजने जपली आहे आणि वर्षातून ठरावीक दिवशी ती लोकांना पाहायला खुली होते.

याच कॉलेजात २२ जुलै १९३१ रोजी मुंबईचे हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन भेटीला आले. पाहुण्यांना ग्रंथालय दाखवण्याचा कार्यक्रम होता. वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. खिशाच्या धातूच्या बटणामुळे हॉटसन वाचले. सोलापुरातल्या लष्करी कायद्याच्या अत्याचारांचा हा जाब होता. गोगट्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली.

निजामाच्या राज्यात तर साध्या प्रार्थनेचीही बातमी झाली. १९३८च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुले ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. मनाई झाली, मुलांनी ऐकले नाही, संप झाला आणि तो हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोचला. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढली गेली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना आपल्याकडे प्रवेश दिला, म्हणून त्यांची वर्षे वाचली. मराठवाड्यातल्या मुक्तिसंग्रामात पुढे जे तरुण दिसतात, त्यांतल्या अनेकांची पहिली लढाई वसतिगृहातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेवरून झाली होती.

एवढ्या मोठ्या घटना दर वर्षी घडत नाहीत. कॉलेजचे वर्ष चालते ते छोट्या सूचनांवर. शिपाई नोटीसबुक घेऊन वर्गावर्गांतून फिरे, सर शिकवता शिकवता थांबून ती सूचना वाचून दाखवत, मागच्या बाकांवरून प्रतिक्रिया उमटे आणि तास पुढे सुरू होई. जून-जुलैत मंडळांची स्थापना, ऑगस्टमध्ये एकांकिकेच्या तालमी, दिवाळीनंतर सहली, डिसेंबर-जानेवारीत क्रीडामहोत्सव आणि मग गॅदरिंग. छापील निमंत्रणपत्रिकेवर ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ असे असते, बोलताना सगळे गॅदरिंगच म्हणतात. या गॅदरिंगचा कणा बराच काळ नाटक हाच होता. सुरुवातीच्या काळात शेक्सपियर आणि संस्कृत नाटके यांचा मान मोठा, कारण ती वर्गात शिकवली जात. स्त्रीपार्ट मुलेच करत. मुली कॉलेजात येऊ लागल्यावरही त्यांनी रंगमंचावर मुलांबरोबर उभे राहावे हे घरच्यांना आणि प्राचार्यांना मान्य व्हायला बरीच वर्षे लागली. पहिल्यांदा ज्या मुलींनी हे केले त्यांची नावे संस्थांच्या ग्रंथांत फारशी सापडत नाहीत. ती शोधून लिहिली गेली पाहिजेत, कारण व्यावसायिक रंगभूमीवर सुशिक्षित स्त्रियांना वाट मिळाली त्यात या मुलींच्या धिटाईचा वाटा आहे.

गॅदरिंगमध्ये फिशपाँड असत. कुठे त्यांना शेलापागोटे म्हणत. निनावी चिठ्ठ्या एका पेटीत टाकायच्या, आणि निवेदकाने भर सभागृहात त्या वाचायच्या. गाण्याची ओळ, म्हण, एखादी उपाधी, आणि ती कोणाला लागू करायची त्याचे नाव. प्राध्यापकही सुटत नसत. मोठ्या माणसांची थट्टा त्यांच्यासमोर, पण मर्यादेत करण्याची ही रीत होती. वर्षभराच्या दबलेल्या गोष्टी त्या एका संध्याकाळी हसण्यावारी निघत. तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. वर्गातल्या सावळ्या, स्थूल, अबोल किंवा खेड्यातून आलेल्या मुला-मुलींना या चिठ्ठ्यांनी फार दुखावले आहे. मुलींच्या नावाने येणाऱ्या चिठ्ठ्यांत तर अनेकदा छळच असे. पुष्कळ कॉलेजांनी हा प्रकार बंद केला, आणि ते योग्यच झाले.

गॅदरिंगच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान मात्र पुण्या-मुंबईचे नाही. ते औरंगाबादचे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि १९५०मध्ये औरंगाबादेत दुसरे. या दुसऱ्या कॉलेजला त्यांनी मिलिंदचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो, भिक्खू नागसेन उत्तरे देतो. कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव मिळाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मराठवाड्यातल्या खेड्यांतून, वाड्यावस्त्यांतून पहिल्यांदा शिकायला आलेली मुले इथे वसतिगृहात राहत. त्यांच्या घरात त्यांच्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते.

मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी या मुलांसाठी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तेव्हा करमणुकीची नाटके होत, जशी सगळीकडे होत. आपल्या मुलांनी आपल्या जगण्याचे नाटक करावे, ही बाबासाहेबांची इच्छा होती. ‘युगयात्रा’त पुराणकाळापासून वर्तमानापर्यंत अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाचा प्रवास येतो. १९५५मध्ये कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्याचा प्रयोग झाला आणि प्रेक्षकांत बाबासाहेब होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५६मध्ये, नागपूरच्या दीक्षा सोहळ्यासाठी जमलेल्या अफाट जनसमुदायापुढे हे नाटक झाले. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी लिहिलेल्या नाटकाला असा प्रेक्षक महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्या नाटकाला मिळाला असेल? दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे या नाटकापासून सुरुवात करतात.

नागसेनवनातली ही ऊर्जा नाटकावर थांबली नाही. तिथे शिकवणारे गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभे केले. दलित साहित्याची एक पिढीच्या पिढी त्याच्या अंकांतून पुढे आली. नवे लिहिणाऱ्यांच्या कविता, कथा आणि आत्मकथने छापायला प्रस्थापित मासिके तयार नव्हती तेव्हा ‘अस्मितादर्श’ने ती छापली. वसतिगृहातल्या बैठका, वाङ्मय मंडळ आणि कॉलेजचा वार्षिक अंक यांतूनच या मुलांना लिहिण्याची सवय लागली होती. मराठी साहित्याला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे सर्वांत मोठे वळण मिळाले, त्याच्या मुळाशी एका कॉलेजचे आवार आहे.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढले तेव्हा ‘कमवा व शिका’ हेच तिथल्या जगण्याचे सूत्र होते. शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात काम करून मुले आपल्या शिक्षणाचा खर्च भागवत. तिथे दिवसाच्या वेळापत्रकात श्रम आणि तास शेजारी शेजारी असत. पुढे ही योजना विद्यापीठांनी उचलली आणि पुणे विद्यापीठात ती आजही कर्मवीरांच्याच नावाने चालते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत आणि ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. तेव्हापासून ‘एनएसएसचा कॅम्प’ ही सूचना प्रत्येक कॉलेजच्या फलकावर हिवाळ्यात ठरलेली. सात दिवस खेड्यातल्या शाळेत मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गावकऱ्यांपुढे पथनाट्य. शहरातल्या कित्येक मुलांनी चुलीवरची भाकरी, विहिरीवरची रांग आणि गावातली जातींची वस्ती पहिल्यांदा पाहिली ती याच कॅम्पमध्ये. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर मदतीला धावलेल्यांत या स्वयंसेवकांच्या तुकड्या होत्या.

मग एकांकिका. पुण्यातल्या कॉलेजांचे अर्धे वर्ष जिच्याभोवती फिरते ती पुरुषोत्तम करंडक स्पर्धा महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३मध्ये सुरू केली. पुरुषोत्तम रामचंद्र तथा अप्पासाहेब वझे यांच्या स्मृतीसाठी हा करंडक. सदाशिव पेठेतले भरत नाट्य मंदिर हे तिचे घर. जुलैत संघांचे लॉट पडतात तेव्हापासून नाट्यगृहाबाहेर मुलांचे जथे जमतात, ढोल वाजतात आणि ‘आव्वाज कुणाचा’ अशी आरोळी उठते. तिचे उत्तर दुसऱ्या कॉलेजच्या टोळीकडून त्याहून मोठ्या आवाजात येते. आत रंगमंचावर मात्र सगळे मोजून दिलेले असते. नेपथ्य लावायला मोजकी मिनिटे, प्रयोगाला ठरलेला वेळ. दिव्यांच्या आणि नेपथ्याच्या झगमगाटापेक्षा संहिता आणि अभिनय यांवर भर देण्याचे संयोजकांचे धोरण त्यांनी नेटाने सांभाळले आहे.

या स्पर्धेचा खरा इतिहास तालमींत आहे. कॉलेज सुटल्यावर रिकाम्या वर्गात बाक भिंतीला सरकवले जातात आणि रात्री शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभे राहीपर्यंत तालीम चालते. ज्याला भूमिका मिळत नाही तो बॅकस्टेज करतो: सामान आणतो, संगीत सांभाळतो, प्रकाशाच्या खुणा पाठ करतो. पुढच्या वर्षी तोच लिहितो किंवा दिग्दर्शन करतो. सीनियर मुले ज्युनियरना उभे कसे राहायचे, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचवायचा हे शिकवतात आणि ही शिकवणी पैसे न घेता, प्रवेशपरीक्षा न घेता, एका पिढीकडून दुसरीकडे जात राहते. महाराष्ट्रात नाट्यप्रशिक्षणाच्या शासकीय सोयी तुटपुंज्या असताना नटांची आणि दिग्दर्शकांची रांग कधी तुटली नाही, याचे मोठे कारण हेच आहे.

बी. जे. मेडिकल कॉलेजचेच उदाहरण घ्या. साठच्या दशकात तिथे डॉक्टरकी शिकणारी मुले नाटकाच्या वेडाने एकत्र आली. जब्बार पटेल त्यांत होते, मोहन आगाशे होते. सतीश आळेकरही या मंडळींत आले. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरातच पहिल्यांदा रंगमंचावर आले. आगाशे त्यात नाना फडणवीस. ज्या संस्थेतर्फे हे नाटक झाले तिच्याशी त्यावरून मतभेद झाल्यावर या मंडळींनी १९७३मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली, आणि १९७४मध्ये आळेकरांचे ‘महानिर्वाण’ आले. मराठी नाटक या दोन प्रयोगांनी जगात पोचवले. ते उभे करणारा संच घडला तो कॉलेजच्या तालमींत.

पुढच्या पिढीत पुण्याच्याच बीएमसीसी कॉलेजातून निपुण धर्माधिकारी आणि अमेय वाघ आले आणि २००८मध्ये त्यांच्या मित्रमंडळींनी ‘नाटक कंपनी’ ही संस्था काढली. याच शहरात फिरोदिया करंडकही आहे. तिथे नाटकाबरोबर चित्र, शिल्प, नृत्य, वाद्य अशा नाना कला एका विषयात गुंफाव्या लागतात, त्यामुळे नाटकाशी संबंध नसलेली मुलेही रंगमंचावर येतात. मुंबईत आयएनटी या नाट्यसंस्थेची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे. चतुरंग प्रतिष्ठानच्या ‘सवाई एकांकिका’ २५ जानेवारीच्या रात्री सुरू होतात आणि प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालतात. वर्षभरातल्या वेगवेगळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे भिडतात आणि प्रेक्षक रात्रभर जागून त्या पाहतात. नव्वदच्या दशकात व्यावसायिक रंगभूमीवर प्रचंड चाललेले देवेंद्र पेम यांचे ‘ऑल द बेस्ट’ आधी स्पर्धेतली एकांकिका होते.

पुरुषोत्तमने २०२२मध्ये एक कठोर निर्णय दिला. एकही एकांकिका करंडकाच्या दर्जाची नाही असे परीक्षकांचे मत पडले आणि करंडक कोणालाच मिळाला नाही. त्यावर मुले चिडली, वृत्तपत्रांत आणि कट्ट्यांवर महिनाभर वाद झाला. करोनाच्या दोन वर्षांत नाट्यगृहे आणि कॉलेजे बंद होती, सीनियरने ज्युनियरला हात धरून शिकवण्याची साखळी तुटली होती, हे या वादात पुरेसे बोलले गेले नाही. जी मुले २०२२मध्ये स्पर्धेत उभी होती त्यांतल्या अनेकांनी कॉलेजातला पहिला रंगमंच त्याच वर्षी पाहिला होता. दर्जाची अट योग्य आहे. पण तुटलेली साखळी जोडायला एक-दोन वर्षे द्यावी लागतात, तेवढा धीर धरायला हवा होता.

मोठ्या शहरांत महोत्सवांचे वेगळेच जग उभे राहिले. आयआयटी मुंबईचा ‘मूड इंडिगो’ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निघाला. नाव ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ रचनेवरून घेतलेले. सेंट झेवियर्सचा ‘मल्हार’ १९७९चा, पावसाळ्यात होणारा. नव्वदनंतर कंपन्यांचे प्रायोजकत्व आले, मंडप मोठे झाले, मुंबईबाहेरून हजारो मुले येऊ लागली. या महोत्सवांनी मुलांना मोठी व्यवस्था चालवायला शिकवले, यात शंका नाही. पण प्रायोजकाच्या फलकाखाली जे होते त्यात गायक बाहेरून येतो आणि विद्यार्थी तिकिटांच्या रांगेत उभा राहतो. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजचे गॅदरिंग कितीही अडखळत झाले, तरी मंचावर आणि खाली तीच मुले असतात. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तिथे नांदेडची, जळगावची, गडचिरोलीची मुले आपल्या भागाची लोककला घेऊन येतात आणि मुंबईच्या मुलांना ती शांत बसून पाहावी लागते.

सत्र परीक्षा आल्यापासून या सगळ्याला वेळ कमी पडू लागला आहे. वर्षातून दोनदा परीक्षा, मध्ये अंतर्गत चाचण्या, प्रकल्प, हजेरी. गॅदरिंग तीन दिवसांवरून एका दिवसावर आले, अनेक ठिकाणी ‘डे’ साजरे करण्यापुरते उरले. सूचना आता मोबाइलवर येतात. काचेच्या कपाटातल्या फलकावर परीक्षेची वेळापत्रके आणि शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखा राहतात, आणि तालमीला कधी जमायचे ते व्हॉट्सअॅपच्या गटात ठरते. गटात नसलेल्या मुलाला ते कळत नाही. फलकापुढे मात्र शेवटच्या बाकावरचा, नव्याने गावातून आलेला, कोणाशी ओळख नसलेला मुलगाही थांबायचा आणि नाव द्यायचा. म्हणून प्रत्येक कॉलेजने निवडीची सूचना आजही फलकावर लावलीच पाहिजे.

कार्यक्रम कोणी ठरवायचे हाही प्रश्न आहेच. पूर्वी वर्गप्रतिनिधी निवडून येत आणि मतदानातून जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा सरचिटणीस, ठरे. जीएसच्या निवडणुकीत पैसा आणि बाहेरचे राजकीय पक्ष शिरले, हाणामाऱ्या झाल्या, मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खूनही झाला. १९९४च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका थांबवल्या आणि गुणवत्तेवर नियुक्त्या सुरू झाल्या. हिंसा थांबली हे चांगले झाले, पण गुणपत्रिकेत पहिला येणारा विद्यार्थी सांस्कृतिक मंडळही चांगले चालवेल असे मानायला आधार नाही. ज्याला मते मागायला वर्गावर्गांत जावे लागते, त्याला वर्गांच्या तक्रारी ऐकाव्या लागतात. नियुक्त प्रतिनिधीला त्याची गरज पडत नाही. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुका परत आणल्या. २०१९मध्ये त्या घ्यायचे ठरले आणि मग त्या पुढे ढकलल्या गेल्या. ज्या वर्षी निवडणुका बंद झाल्या त्या वर्षी जन्मलेली मुले तोवर पदवी घेऊन नोकरीलाही लागली होती.